दोन आरसे, गुळाचं गोडाऊन आणि व्ही. के. मूर्ती

'कागज के फूल'मधला तो उजेडाचा झोत ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. रिकामा स्टुडिओ, वरून तिरका येणारा जाडजूड कवडसा, त्यात तरंगणारी धूळ आणि एकमेकांपासून लांब उभी असलेली दोन माणसं. १९५९ चा सिनेमा, भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे जास्त रुंद पडद्याचा सिनेमा, आणि कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा. आम्ही काही जणांनी मिळून तसाच झोत कोल्हापुरात एका गुळाच्या गोडाऊनमध्ये करून बघितला. ते कसं जमलं हे इतक्या लोकांनी विचारलंय की फोनवर सांगून सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी कॅमेरा असिस्टंट. सुरुवात लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगपासून, मग मुंबईला मालिकेवर कॅमेरा अटेंडंट, लेन्स पुसणं, बॅटऱ्या चार्जिंगला लावणं, मग हळूहळू फोकस. मालिकेचं लाइटिंग म्हणजे काय ते तिथे काम केलेल्यांना माहितीये. तीन कॅमेरे एकदम चालू असतात, दिवसाला इतके इतके सीन उरकायचे असतात, त्यामुळे वरून सगळीकडे सारखा उजेड पाडायचा, सासू कुठूनही आली तरी चेहरा दिसला पाहिजे. यात कोणाची चूक नाही, धंदाच तसा आहे. पण वर्षानुवर्षं तेच केल्यावर सावली नावाची गोष्ट असते हेच माणूस विसरतो. तेव्हा एका मित्राने शॉर्ट फिल्म काढली, बंद पडलेल्या नाटक कंपनीची गोष्ट, आणि एका शॉटला म्हणाला इथे मूर्तींसारखं काहीतरी पाहिजे यार. मूर्तींसारखं म्हणणं सोपं आहे हो.

आता मूर्ती कोण हे थोडं सांगतो, कारण आमच्या युनिटमधल्याच निम्म्या पोरांना नाव ऐकून माहीत होतं पण माणूस माहीत नव्हता. जन्म १९२३ चा, म्हैसूरचा. बंगळूरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून सिनेमॅटोग्राफी शिकले, व्हायोलिन वाजवायचे, आणि मग मुंबईत येऊन असिस्टंटगिरी. फली मिस्त्रींसारख्या कॅमेरामनच्या हाताखाली काम केलं. 'बाजी' १९५१ ला आला तेव्हाही मूर्ती असिस्टंटच होते, मुख्य कॅमेरामन व्ही. रात्रा. त्यात एका गाण्याच्या वेळी मूर्तींनी गुरुदत्तला आरशातल्या प्रतिबिंबाचा, हलत्या कॅमेऱ्याचा एक अवघड शॉट सुचवला आणि करूनही दाखवला. गुरुदत्तने माणूस हेरला, पुढच्या 'जाल'पासून कॅमेरा मूर्तींकडे. 'आरपार', 'मिस्टर अँड मिसेस ५५', 'प्यासा', 'कागज के फूल', 'साहिब बीबी और गुलाम', सगळं त्यांचंच. म्हणजे एका आरशाने कॅमेरा हातात दिला आणि पुढे दोन आरशांनी नाव अजरामर केलं, असं मी गमतीने म्हणतो. (गुरुदत्त आणि देव आनंदची ओळख पुण्यात प्रभातमध्ये झालेली, त्यामुळे या सगळ्या साखळीत आपलाही थोडा वाटा आहे असं समजायला हरकत नाही.)

त्या झोताची हकीकत मूर्तींनी स्वतः मुलाखतींमधून सांगितलेली आहे. गुरुदत्तला लाइटिंगमध्ये काहीतरी वेगळं हवं होतं, मूर्तींनी दोन मोठे आरसे मागवले. एक स्टुडिओच्या बाहेर उन्हात, दुसरा आत वर, लाइट लावायला छताखाली असतो त्या लाकडी तराफ्यावर. बाहेरच्या आरशाने ऊन आत फेकायचं, आतल्याने ते खाली पाडायचं, आणि मध्ये धूर. बस, रेसिपी एवढीच. वाचताना वाटतं हे तर शाळेतलं पोरगंही करेल.

आरसेच का, मोठा लाइट का नाही, हा पहिला प्रश्न. आमच्याकडेही एचएमआय, म्हणजे उन्हासारखा उजेड देणारा मोठा लाइट, भाड्याने आणायचा विचार झाला, पण भाड्याचा आकडा ऐकून दिग्दर्शकाने चहा मागवला आणि विषय संपला. पण पैसे असते तरी फरक पडलाच असता. लाइट स्टुडिओत जवळ असतो, त्यामुळे त्याचा झोत पुढे जाताना पंख्यासारखा फाकत जातो. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात, त्यांचं फाकणं फक्त अर्ध्या अंशाचं. म्हणून मूर्तींचा तो झोत वरपासून खालपर्यंत जवळपास एकाच जाडीचा राहतो, खांबासारखा. आणि दोन आरसे का, तर एकाच आरशाने जमिनीवरून फेकलेलं ऊन दारातून वर छताकडेच जाणार. आपल्याला ते वरून खाली पाहिजे. म्हणून वर दुसरा.

गोडाऊन मिळालं मित्राच्या ओळखीतून, मार्केट यार्डाच्या बाजूला. उंच, पत्र्याचं छत, आत पोटमाळा आणि एक भलंमोठं दार. दार उत्तरेला होतं. दिग्दर्शक म्हणाला अरे दार दक्षिणेला पाहिजे होतं, ऊन तर दक्षिणेकडून येतं. मी रात्रभर कागदावर रेघा मारत बसलो आणि उत्तरच आलं पाहिजे ते आलं. शूटिंग जानेवारीत, तेव्हा सूर्य दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो. दार उत्तरेला असलं की आरसा दारासमोर अंगणात ठेवायचा, त्याचं तोंड दक्षिणेला, ऊन जवळजवळ समोरून येऊन आपटतं आणि थोडंसं वळून परत दारातून आत जातं. आरसा उन्हाला आणि दाराला दोघांना तोंड देऊन उभा, त्यामुळे त्याची सगळी काच कामाला येते. दार दक्षिणेला असतं तर आरसा जवळपास आडवा ठेवावा लागला असता, ऊन तिरकं घासून गेलं असतं आणि अर्धी काच फुकट. फक्त एक बघायचं की गोडाऊनची स्वतःची सावली आरशावर पडता कामा नये, म्हणून आरसा दारापासून तीसेक फूट लांब. आणि वेळ साडेअकरा ते एक. लोकांना सिनेमा म्हणलं की सकाळ-संध्याकाळचं सोनेरी ऊन आठवतं, आम्हाला टळटळीत दुपार पाहिजे होती.

आरसे गल्लीतल्या काचवाल्याकडून. बाहेरचा चार बाय तीन फुटांचा, आतला त्याच्या साधारण निम्मा. काचवाला विचारत होता ड्रेसिंग टेबलला का कपाटाला, मी म्हणालो सूर्याला, तर त्याने ॲडव्हान्स मागून घेतला.

आता खरा माणूस. आमच्यात एक लाइटमन मामा होते, साठीच्या पुढचे, कोल्हापुरातल्या जुन्या स्टुडिओंमध्ये तरुणपणी काम केलेले. त्यांना मी सगळा हिशेब दाखवला, कोन, अंतर, सगळं. मामांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे रं बाळा. आरसा धरणार कोण ते सांग."

हा प्रश्न कागदावर नव्हताच. गंमत अशी आहे की आरसा एक अंश हलला तर परावर्तित ऊन दोन अंश हलतं. अंगणातल्या आरशापासून पोटमाळ्यावरच्या आरशापर्यंत आमचं अंतर साठेक फूट होतं. साठ फुटांवर दोन अंश म्हणजे दोन फुटांच्या वर. म्हणजे खाली कोणी नुसतं शिंकलं तरी वर ऊन आरशावरून उडून पत्र्यावर. त्यात सूर्य काही थांबत नाही, तासाला पंधरा अंश पुढे सरकतो, म्हणजे आरसा लोखंडात जखडून ठेवला तरी साठ फुटांवर ऊन दर मिनिटाला तीनेक इंच सरकतच राहतं. म्हणून घट्ट बांधूनही चालत नाही आणि नुसतं हातात धरूनही चालत नाही. मामांनी मधला मार्ग काढला. आरसा लाकडी चौकटीत बसवला, खाली वाळूची पोती, आणि मागून एका बाजूला कापडी नाडी, एका बाजूला लाकडी पाचर. पाचर केसभर ठोकायची की ऊन वर जातं, नाडी ओढायची की बाजूला. बाहेर मामा स्वतः, वर पोटमाळ्यावर आमचा एक शिकाऊ पोरगा, आणि दोघांच्या मध्ये दारात मी, ओरडायला.

"वर घ्या मामा... अजून... बास बास... डावीकडं..."

"कुणाच्या डावीकडं?"

हे अर्धा तास चाललं. शेवटी मामा म्हणाले डावं-उजवं बोलायचं नाही, रस्त्याकडं आणि विहिरीकडं असं बोलायचं. तेव्हापासून सुरळीत. कुठल्याही पुस्तकात हे सापडणार नाही.

पहिल्यांदा ऊन वरच्या आरशावर बरोबर बसलं आणि त्या पोराने आरसा खाली कलता केला तेव्हा आत काय दिसलं माहितीये का? काही नाही. जमिनीवर एक पांढराशुभ्र चौकोन, डोळे दिपतील असा, आणि हवेत काहीच नाही. गोडाऊन झाडून लख्ख केलं होतं ना, प्रॉडक्शनवाल्या मुलाने मनापासून पाणी मारून. झोत दिसतो तो धुळीमुळे आणि धुरामुळे, हवा स्वच्छ असेल तर उजेड तुमच्या नाकासमोरून गेला तरी कळत नाही. मग धूर. स्मोक मशीन होतं पण ते भसाभस ढग सोडतं, झोताऐवजी आषाढातली पन्हाळ्याची सकाळ वाटते. मामांनी घमेल्यात निखारे घेतले, त्यावर धूप टाकला आणि गोडाऊनभर फिरून आले, मग सगळी दारं-खिडक्या बंद, मोठ्या दाराला काळं कापड आणि त्यात फक्त उन्हापुरती फट. आणि मग थांबायचं. धूर लगेच वापरायचा नाही, तो पसरून सगळीकडे सारखा बसला पाहिजे, तोपर्यंत पंखा नाही, कोणी आत-बाहेर करायचं नाही. या धुराचा एक जोडफायदा म्हणजे गुळावर बसलेल्या गांधीलमाश्या जरा मागे हटल्या, नाहीतर सकाळपासून त्यांनी मेकअपवाल्याला जीव नको केला होता.

धूर बसल्यावर तो झोत दिसला. मी आरडाओरडा करणारा माणूस नाही पण तेव्हा शिट्टी मारली.

कॅमेरा कुठे लावायचा ही पुढची भानगड. झोताच्या मागून, म्हणजे उजेड जिकडून येतोय तिकडून बघितलं तर तो फिका दिसतो. समोरून, म्हणजे उजेड साधारण कॅमेऱ्याच्या दिशेने येत असेल तर तोच झोत पेटल्यासारखा दिसतो, कारण धुराचे बारीक कण उजेड जास्त करून पुढच्या दिशेलाच उधळतात. म्हणजे जागा धुराने ठरवली, आमच्या आवडीने नाही. मी दिग्दर्शकाचं आख्खं स्टोरीबोर्ड बाजूला ठेवायला लावलं, तो तासभर रुसला होता.

मग उजेड मोजायचा मीटर. झोतात मीटर धरला तर आठशे आयएसओला (सेन्सर उजेडाला किती तिखट त्याचा आकडा) एफ ४५ च्या आसपास, म्हणजे लेन्सचं तोंड अगदी बारीक, आणि चार पावलं बाजूला अंधारात एफ १.४ सुद्धा जेमतेम, म्हणजे तोंड सताड उघडं. दहा स्टॉपचा फरक, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. आजचा कॅमेरा हे सहन करतो, लेन्सपुढे उजेड कमी करणारे एनडी फिल्टर लावले, मॉनिटरवर बघितलं, चेहरा जळतोय का ते पाहिलं, अर्धा स्टॉप कमी केला, झालं. मूर्तींकडे यातलं काय होतं? त्या काळची फिल्म आजच्या सेन्सरपेक्षा किती तरी मंद. वर सिनेमास्कोपची लेन्स, तिला उजेड जास्त लागतो. मॉनिटर नाही. शॉट घेतला तो चांगला आला का हे लॅबमधून फिल्म धुऊन आल्यावर कळणार, तोपर्यंत सूर्य मावळलेला, आरसे उतरवलेले, नट घरी गेलेले. अंधार किती अंधार ठेवायचा आणि काळ्यामध्ये किती काळं दिसू द्यायचं हे त्यांनी डोळ्याने आणि मीटरने ठरवलंय, फिल्मवर काय उमटेल ते आधी डोक्यात बघून. त्यांना लोक उजेडाचे जादूगार वगैरे म्हणतात तेव्हा मला हल्ली रागच येतो. जादूगार म्हणलं की माणसाने केलेला हिशेब आणि घेतलेली जोखीम, दोन्ही पुसलं जातं.

आमची नटी म्हणजे इथल्याच हौशी नाटकातली मुलगी, कामाला एकदम पक्की. तिला पहिली सूचना अभिनयाची नाही, डोळ्याची. झोतात उभं राहिल्यावर वर आरशाकडे बघायचंच नाही, आरशात बघणं म्हणजे सरळ सूर्याकडे बघणं. त्यामुळे तिने नजर झोताच्या बाहेर ठेवायची आणि फक्त गाल आणि कपाळ उजेडात आणायचं असं ठरलं, आणि ते इतकं चांगलं दिसलं की मूळ ठरलेला क्लोजअप आम्ही रद्दच केला. गुरुदत्त क्लोजअपला ७५ मिलिमीटरची लेन्स आवडीने वापरायचा असं मूर्ती सांगायचे, आम्ही पण तीच लावून बघितली. खरंच, त्या लेन्सने चेहरा जवळ येतो पण अंगावर येत नाही.

टेकला मात्र जीव वर-खाली. मामा बाहेरून ओरडायचे "ढग आला रं, थांबा!", आत धूर विरायला लागायचा, पुन्हा निखारे, पुन्हा थांबा, तोवर सूर्य पुढे गेलेला, पुन्हा रस्त्याकडं-विहिरीकडं. शॉट चालू असताना मामा दारातल्या फटीतून वरच्या आरशाच्या कडेवर नजर ठेवून पाचर ठोकत होते, अगदी हळू, कारण साउंडवाला ओरडला असता. एका टेकला ऊन शॉटच्या मधोमध हळूच तिच्या खांद्यावरून गालावर सरकलं. हे ठरलेलं नव्हतं. मामांना विचारलं मुद्दाम केलं का, तर म्हणाले, "तिनं मान वळवली म्हणून म्या पाचर मारली." साठ फुटांवरून, फटीतून बघून! तोच टेक फिल्ममध्ये आहे.

म्हणून मला त्या १९५९ च्या शॉटमध्ये आता नटांच्या आधी न दिसणारी माणसं दिसतात, बाहेर उन्हात घाम पुसत आरसा सांभाळणारी. नाव मूर्तींचं झालं आणि ते व्हायलाच पाहिजे होतं, कारण डोक्यात ते चित्र त्यांच्या होतं. फिल्मफेअर मिळालं या सिनेमाला कॅमेऱ्यासाठी. सिनेमा मात्र तिकीटबारीवर आपटला, इतका की गुरुदत्तने त्यानंतर दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव लावलंच नाही. 'साहिब बीबी और गुलाम'ला मूर्तींना परत फिल्मफेअर. त्यातलं मीनू मुमताजचं मुजऱ्याचं गाणं बघा, मागच्या सगळ्या नाचणाऱ्या मुली पूर्ण गाणंभर सावलीत आहेत आणि ती एकटी उजेडात. नाचत्या माणसांना एवढ्या वेळ अचूक सावलीत ठेवणं म्हणजे काय काम असेल ते मला आत्ता कळतंय, एका उभ्या मुलीला उजेडात ठेवताना आमची ही गत.

१९६४ ला गुरुदत्त गेला. मूर्तींनी पुढे प्रमोद चक्रवर्तींचे रंगीत धंदेवाईक सिनेमे केले, 'लव्ह इन टोकियो', 'जुगनू' वगैरे. काही लोक या भागाबद्दल नाक मुरडतात, मला ते पटत नाही, घर सगळ्यांना चालवायचं असतं आणि मालिकेत काम करणाऱ्याला तर हे बरोबर कळतं. त्यांच्या हाताखाली गोविंद निहलानी तयार झाले, तेही बंगळूरच्या त्याच पॉलिटेक्निकचे. त्याच निहलानींनी १९७१ मध्ये 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा कॅमेरा केला, म्हणजे मूर्तींची विद्या एका पिढीने विजय तेंडुलकरांपर्यंत, आपल्या मराठीपर्यंत आली. पुढे 'तमस'साठी निहलानींनी गुरूंनाच कॅमेऱ्यावर बोलावलं. श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' पण मूर्तींनी केली, आणि लहानपणी ती रविवारी दूरदर्शनवर बघताना त्या अंधाऱ्या दरबारांमागे कोण आहे हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना २००८ सालचा, वयाच्या ८६ व्या वर्षी. हा पुरस्कार १९६९ पासून दिला जातोय आणि तो मिळवणारे मूर्ती पहिले कॅमेरामन. नट, गायक, निर्माते, दिग्दर्शक सगळे होऊन गेल्यावर! फाळके स्वतः फोटोग्राफर होते हो, त्यांच्या नावाच्या पुरस्काराला कॅमेरामन आठवायला एवढा वेळ लागावा म्हणजे कमाल आहे. २०१४ मध्ये बंगळूरला मूर्ती गेले.

आमचा शॉट मूर्तींच्या जवळपासही नाही हे सांगायला नकोच. झोताची कड थोडी मऊ आलीये, कारण ऐंशी फुटांच्या प्रवासात सूर्याचा तो अर्धा अंश पाऊण फूट होतो, आणि आमचा आरसाच लहान होता. धूर एका कोपऱ्यात दाट दिसतो. पण शॉट उभा राहतो. कोणी करणार असाल तर आरसा माझ्यापेक्षा मोठा घ्या, पाचरीवर माणूस शहाणा बसवा आणि होकायंत्र आधी बघा, गोडाऊन नंतर.

आता डोक्यात दुसरं खूळ शिरलंय. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो'मध्ये कॅमेरामन सुब्रत मित्रांनी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं असताना वर पांढरं कापड ताणून त्यावरून उजेड उसळवला आणि सावल्या इतक्या मऊ केल्या की सेट आहे हे कळू नये. मूर्तींच्या अगदी उलट टोक. ते करून बघायचंय, पावसाळ्याच्या आत. मामांना फोन केला, कापड किती लागेल ते विचारलं. ते म्हणाले, "कापडाचं बघू नंतर. त्या गोडाऊनवाल्याचं भाडं दिलंस का आधी?"